‘बायस’ म्हणजे पूर्वग्रह नव्हे, उरेब!

प्रश्न असा आहे: ‘समाजमाध्यमांवरच्या कंटेंट मॉडरेशनमधल्या पोलिटिकल बायसला राजकीय पूर्वग्रह म्हणावे की पक्षपात?’

मॉडरेशन म्हणजे पोस्ट तपासून ठेवायची की काढायची हे ठरवणे. त्यातला बायस पूर्वग्रह तर नाहीच. ‘अल्गोरिदमचा पूर्वग्रह’ हल्ली उठताबसता कानावर आदळतो. अहो, ग्रह मनाचा होतो. ‘तिचा उगीच ग्रह झाला’ असे आपण माणसाबद्दल बोलतो. पोस्ट तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचा पूर्वग्रह असेल, अल्गोरिदमला मनच कुठे आहे? पक्षपातालाही कर्ता लागतो. तो कोणीतरी ‘करतो’. हे दोन्ही शब्द स्वल्पविराम देऊन शेजारी बसवणारे कोशकार वाचकाची दिशाभूल करतात.

खरी गंमत मूळ शब्दात आहे. फ्रेंच ‘बिए’ म्हणजे तिरपे. शिवणकामातला ‘बायस कट’ म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत घेतलेला काप. शिंपी त्याला काय म्हणतात? उरेब! हा शब्द फारसीतला, अर्थ तोच, तिरपे. आणि फारसीत संख्याशास्त्रातल्या बायसला आजही ‘ओरीबी’च म्हणतात. तयार शब्द शिवणयंत्रापाशी पडून आहे आणि आपण संस्कृतात चाचपडतो आहोत.

अर्थही नेमका बसतो. धाग्याच्या रेषेत कापलेले कापड फारसे ताणत नाही. तेच कापड उरेब कापले की ताणते. धागा तोच, वीण तीच, फरक कापाच्या दिशेचा. मॉडरेशनचेही तसेच आहे. नियम सर्वांना एकच, पण मशीनला शिकवताना एका गटाची बोली कमी दाखवली, तर त्या गटाचा उपरोध तिला शिवी वाटतो. ट्विटरने २०२१ मध्ये आपल्याच टाइमलाइनचा अभ्यास जाहीर केला. सातपैकी सहा देशांत उजव्या पक्षांच्या राजकारण्यांचे ट्वीट अल्गोरिदमने डाव्यांपेक्षा जास्त पुढे नेले होते. कारण मात्र कंपनीलाही सांगता आले नाही. ही उरेब झाली. पक्षपात म्हणायला हेतू दाखवावा लागेल.

‘आमचीच खाती जास्त बंद झाली’ एवढ्यानेही काही सिद्ध होत नाही. अमेरिकेच्या २०२० च्या निवडणुकीनंतर ट्विटरवर ट्रम्पसमर्थक हॅशटॅग वापरणारी खाती बायडनसमर्थकांपेक्षा जास्त बंद झाली, पण कमी दर्जाच्या बातम्यांचे दुवेही तीच जास्त पसरवत होती. दर्जा दोन्ही पक्षांच्या सामान्य लोकांच्या समतोल गटाने ठरवला तरी हेच चित्र राहिले. म्हणून मोजायचे ते चुकून काढलेल्या पोस्टचे प्रमाण, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे. शिवाय मजकूर तोच ठेवून फक्त पक्षाचे नाव बदलून पाहायचे. अशा बऱ्याच जोड्यांत निर्णय एकाच बाजूला झुकला तर उरेब आहे. ती दाखवून दिल्यावरही कंपनीने जाणूनबुजून तशीच ठेवली, तर बेलाशक पक्षपात म्हणा.