टोरांटोत गर्दीच्या रस्त्यांवरच्या सायकल लेन काढायला निघालेत, त्याने ट्रॅफिक खरंच कमी होतं का? आपल्या गावात असा वाद झाला तर तुम्ही कोणाच्या बाजूने?

मी जळगावचा, ठिबक आणि पाइप फिटिंगचं दुकान आहे. ट्रॅफिकचा इंजिनिअर वगैरे काही नाही, पण पाणी कुठे अडतं ते रोज बघतो आणि ह्या सगळ्या वादात घोळ तोच आहे असं माझं मत झालंय, म्हणून लिहितोय.

आधी टोरांटोचं सांगतो, कारण आतेभाऊ तिकडे आहे आणि त्याच्या व्हॉइस मेसेजमधून हे पुराण मी बरेच दिवस ऐकतोय. टोरांटो कॅनडाच्या ज्या राज्यात आहे त्या ऑन्टॅरिओच्या सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये एक कायदा पास केला, बिल 212. त्यात ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी अव्हेन्यू ह्या तीन मोठ्या रस्त्यांवरच्या सायकल लेन काढायचा अधिकार राज्याने स्वतःकडे घेतला. रस्ते शहराचे, लेन शहराने केलेल्या, आणि उखडणार राज्य. शहराने हिशोब करून सांगितलं की नुसतं काढायलाच 4 कोटी 80 लाख डॉलर लागतील. मुख्यमंत्री (तिकडे प्रीमियर म्हणतात) डग फोर्ड म्हणाले लोक गाडीत अडकून पडतात, वेळ वाया जातो. सायकलवाल्यांची संघटना कोर्टात गेली आणि जुलै 2025 मध्ये कोर्टाने निकाल दिला की हे घटनेच्या विरुद्ध आहे. सायकल लेन हा कोणाचा हक्क आहे असं कोर्ट म्हणालं नाही हं, हे नीट समजून घ्या. कोर्टाचं म्हणणं असं की तुम्ही ज्या कारणासाठी लेन काढताय ते कारणच साधत नाहीये, आणि माणसांच्या जिवाचा धोका मात्र वाढतोय, तर असं करता येणार नाही. सरकारने स्वतः लावलेल्या तज्ज्ञांच्या रिपोर्टमध्येही लेन काढून गर्दी कमी होईलच असं नाही, असंच लिहिलेलं होतं! तरी सरकारने अपिलात जायचं ठरवलं.

आणि ही पहिली वेळ नाही बरं का. 2012 मध्ये त्याच शहरात जार्विस स्ट्रीटवरची लेन काढली होती, टाकून जेमतेम दोन वर्षं झालेली, तेव्हा महापौर होते रॉब फोर्ड, ह्याच डग फोर्डांचे सख्खे भाऊ.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ट्रॅफिक कमी होतं का.

माझ्याकडे यावल-रावेरकडचे केळीवाले येतात. उन्हाळ्यात हमखास एकजण तरी येतो की भाऊ शेवटच्या ओळींना पाणी पोचत नाही, मेन लाइन मोठी द्या, दोन इंची काढून अडीच इंची टाकतो. मी आधी विचारतो, फिल्टर कधी धुतला? तर तोंडाकडे बघतो. जाळी काढून बघितली की निम्मी रेतीने भरलेली असते. आता त्याच्यामागे अडीच काय सहा इंची पाइप टाका, फिल्टर जेवढं सोडेल तेवढंच पाणी पुढे जाणार, मोठ्या पाइपात फक्त जास्त पाणी तुंबून उभं राहील. शहरात फिल्टर म्हणजे चौक. सिग्नल एका वेळी जेवढ्या गाड्या सोडतो तेवढ्याच जातात, दोन चौकांच्या मधला रस्ता चार फूट रुंद केला तर रांग लांबट होती ती जाडी होते, बस.

जळगावातल्या लोकांना तर हे सांगायलाच नको. पिंप्राळा रेल्वे गेटवर उड्डाणपूल व्हायच्या आधी काय व्हायचं आठवतं ना? फाटक पडलं की मागून येणारा प्रत्येक शहाणा उजव्या बाजूने पुढे घुसायचा, पलीकडचेही तसेच, म्हणजे फाटक उघडायच्या वेळेला अख्खा रस्ता ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला, दोन्हीकडचे एकमेकांच्या तोंडासमोर. रस्त्याचा इंचन् इंच वापरात आणि एक गाडी हलत नाही. त्यातून सगळ्यात आधी बाहेर कोण पडायचं तर सायकलवाला, हँडल तिरकं करून, कॅरिअरला डबा बांधलेला, दोन रिक्षांच्या मधून. मी स्कूटरवर मागे उभा राहून बघायचो आणि वरून त्यालाच शिव्या द्यायचो.

ह्यावर लोक म्हणतात अहो पण ती लेन रिकामी दिसते. दिसणारच ना भो! जे चालू आहे ते रिकामं दिसतं, जे तुंबलंय ते भरलेलं दिसतं. दोनशे सायकली निघून गेल्या तरी मागे काही राहत नाही आणि चाळीस कार उभ्या राहिल्या की रस्ता 'बिझी'. अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची एक संघटना आहे, तिचा हिशोब असा की साधारण दहा फुटी लेनमधून कारने तासाला 600 ते 1,600 माणसं जातात, आणि तेवढ्याच रुंदीच्या दुहेरी, वेगळ्या केलेल्या सायकल ट्रॅकवरून 7,500 पर्यंत जाऊ शकतात. जाऊ शकतात म्हणतोय, सगळीकडे जातातच असं नाही.

आता आपल्याकडचं. इथे मी सायकलवाल्यांची आंधळी बाजू घेणार नाही. मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) सायकल ट्रॅक केला होता, 2011 च्या आसपास, तो फारसा कोणी वापरला नाही आणि 2025 मध्ये तो काढून रस्त्याला जागा द्यायचं ठरलं. लोक म्हणाले बघा, भारतात सायकल कोणी चालवत नाही. पण जो ट्रॅक स्टेशनपासून नीट सुरू होत नाही आणि माणूस राहतो तिथपर्यंत जात नाही त्याच्यावर कोण जाईल? अर्धा किलोमीटर मस्त ट्रॅक आणि पुढे बसच्या खाली. आणि तिथेही गाड्या लावल्या जायच्याच. हॉलंडचं उदाहरण मी देणार नाही, तिथे मे महिन्यात 45 डिग्री नसतं.

नुसता पांढरा पट्टा मारून काही होत नाही हे मी स्वतःच्या हाताने सिद्ध केलंय. आमच्या दुकानासमोरच्या रस्त्यावर एकदा कडेला पट्टा आखला, पायी आणि सायकलवाल्यांसाठी म्हणे. पहिले दोन दिवस मोकळा. तिसऱ्या दिवशी केळ्याची गाडी लागली, मग शेजारच्यांच्या गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली, आणि आठवड्याभरात माझा छोटा हत्ती पण तिथेच, कारण बाकी सगळ्यांनी लावल्यावर मीच का लांब लावू. पाइपाचे बंडल उतरवायला सोपं पडतं. नंतर पट्टा पुसला गेला तरी गाड्या बरोबर त्याच रेषेत लागतात, इतकी सवय झाली. म्हणून जे म्हणतात ना लेन काढून रस्ता गाड्यांना द्या, ते विसरतात की मिळालेली जागा धावत्या गाडीला मिळत नाही, उभ्या गाडीला मिळते.

सायकल कोणी चालवत नाही हे पण अर्धवट आहे. 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती धंदा सोडून बाकीचे जे कामावर जाणारे, साधारण 20 कोटी लोक, त्यातले 2 कोटी 60 लाखाच्या वर सायकलने जायचे. कारने जाणारे त्यांच्या पावपटही नव्हते. आकडा जुना आहे, मधल्या काळात हप्त्यावर मोटारसायकली खूप आल्या, तो कमी झाला असेल. पण सकाळी आठला एमआयडीसीच्या रोडला उभे राहा, डाळ मिल आणि चटईच्या कारखान्यांत जाणारे लोक दिसतील. हे लोक पेपरात पत्र लिहीत नाहीत, त्यांच्याकडे हेल्मेट नाही, गिअरची सायकल नाही, ते स्वतःला 'सायकलिस्ट' पण म्हणत नाहीत. वाद होतो तो कारवाले आणि रविवारी मेहरूण तलावाला चक्कर मारणारे ह्यांच्यात, आणि मार खातो तिसराच. हायवे गावातून जातो त्यामुळे समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी किती वर्षं आंदोलनं केली ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. ती मागणी म्हणजे तरी काय होती, हळू जाणाऱ्याला ट्रकच्या बाजूला स्वतःची वेगळी जागा द्या, एवढीच. तेव्हा कोणी म्हणालं नाही की हळू जाणाऱ्यांमुळे ट्रॅफिक होतं.

तर माझी बाजू अशी. चालती लेन काढू नका. जी कुठूनच सुरू होत नाही आणि कुठेच जात नाही अशी असेल तर आधी जोडा, मध्ये कर्ब (दगडी कठडा) टाका, चौकात तिला वेगळी वेळ द्या, एवढं करून दोन वर्षं रिकामीच राहिली तर काढा, मी भांडणार नाही. आणि पार्किंगचे पैसे घ्या, माझ्याकडून पण.

आता कोणी विचारेल, तू स्वतः सायकल वापरतोस का. नाही. वडील डाळ मिलमध्ये होते, ते शेवटपर्यंत सायकलनेच गेले, ती गोडाऊनमध्ये उभी आहे, टायर तडकलेत. दुकानातला पोरगा कुसुंब्याहून सायकलने येतो, त्याला अजिंठा चौफुली ओलांडावी लागते. नऊची वेळ आहे, कधी नऊ दहा, कधी नऊ वीस. मी पहिल्यांदा बोललो होतो त्याला. तर म्हणे, भाऊ घरून तर आठलाच निघतो, ते गाड्यांचं सरतच नै ना. आता मी काही बोलत नाही, शटर मीच उघडतो.