खवय्यांचे प्रश्न: शेजवान एवढं का झोंबतं?

प्रश्न: ताई, आम्ही सांगलीचे, विश्रामबागला राहतो, तिखटाची सवय लहानपणापासून आहे, तांबडा रस्सा वाटीवर वाटी रिचवतो कधी काही होत नाही. पण घराजवळच्या छोट्या चायनीज सेंटरला शेजवान राइस खाल्ला की नाकाडोळ्यातनं पाणी, वरनं कोल्ड्रिंक प्यायलं तरी थांबत नाही. मिरची जास्त घालतात का? खायचं बंद करू का? आवडतं तर खूप.

उत्तर: बंद अजिबात करू नका! मिरची रश्शापेक्षा कमीसुद्धा असेल, फरक तिच्या जोडीला काय आहे त्याचा आहे. आपल्या रश्शात सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि वर तेलाचा कट, आणि मिरचीतलं झोंबणारं कॅप्सेसिन विरघळतं तेलात, पाण्यात नाही, त्यात तुम्ही भाकरी कुस्करून खाता म्हणजे जिभेला ते थेट भिडतच नाही. शेजवान सॉसमध्ये मात्र लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर. आता कसं आहे, जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, मिरची कळते त्यालाच साधारण 43 अंशाच्या वरची उष्णताही कळते, आणि आंबटानं तो आणखी चेवतो. अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये तो शोधून काढला आणि 2021 चं नोबेल त्यांना त्यासाठीच विभागून मिळालं. म्हणजे कढईतनं उतरलेला वाफाळता राइस लगेच तोंडात घातला की मिरची, आंबट आणि चटका तिन्ही एकदम! प्लेट आली की जरा वाफ जाऊ द्या, एवढ्यानंही फरक पडतो बघा.

कोल्ड्रिंक नको, त्याचा गॅस पोळलेल्या तोंडाला आणखी टोचतो. दही, ताक, लस्सी घ्या, दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून धुऊन नेतं. आणि ऑर्डर देताना सगळंच लाल मागवू नका, एक शेजवान घेतलं तर जोडीला साधा फ्राइड राइस नाहीतर हक्का नूडल्स घ्या, मग लसणाची खमंग चव कळते, मोठ्या आचेवर दोन हात मारलेला कोबी कसा करकरीत राहिलाय ते कळतं, आणि माझ्या मते चायनीज खायची खरी मजा त्या कोबीतच आहे. शेजवान हे नाव ज्यावरून आलं त्या चीनमधल्या सिचुआन प्रांतातल्या जेवणात मिरचीबरोबर आपल्या तिरफळाच्याच कुळातलं एक फळ असतं, त्यानं जीभ चक्क बधिर होते. कोकणातलं तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण खाल्लं असेल तर अंदाज येईल. आपल्याकडच्या गाड्यांवरच्या सॉसमध्ये ते सहसा नसतं.

प्रश्न: मिरजेहून लिहितेय. मुलीला थाई ग्रीन करी आवडते म्हणून जातो पण मला ती गुळमट लागते, तिखट करा म्हटलं तर लाल तिखट भुरभुरून आणतात. काय सांगावं?

उत्तर: लाल तिखट नकोच हो, करीचा वासच मरतो! हिरवी मिरची, गवती चहा आणि गलांगल, म्हणजे आल्यासारखा कंद, यांच्या वाटणावर ती करी उभी असते, नारळाचं दूध सढळ हातानं पडलं की गुळमट होते. बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबू वेगळं मागा, आणि टेबलावर व्हिनेगरमधल्या मिरच्या असतील तर त्या घ्या. थायलंडमध्ये नूडल्सच्या साध्या दुकानातही टेबलावर साखर, फिश सॉस, मिरचीची भरड आणि व्हिनेगरमधली मिरची ठेवलेली असते, ज्यानं त्यानं आपल्या जिभेप्रमाणं घालून घ्यायचं, त्यामुळं मागायला लाजू नका. मुलीची वाटी मुलीला, तुमची तुम्हाला. फक्त शाकाहारी असाल तर एक विचाराच, करीची पेस्ट विकतची आहे का, कारण बऱ्याच तयार पेस्टमध्ये कोळंबी असते आणि मेनूवर व्हेज लिहिलेलं असलं तरी ती त्यात असू शकते.