घरच्या लाकूडकामासाठी राउटर टेबल तयार घ्यावं की स्वतः बनवावं? आणि लिफ्ट लागतेच का?

बनवा. (राउटर म्हणजे बिट नावाचं पातं फिरवून लाकडात खाचा आणि कडा काढणारं यंत्र; ते टेबलाच्या टॉपखाली उलटं टांगलं की झालं राउटर टेबल. लिफ्ट म्हणजे त्याची उंची कमी-जास्त करायची यंत्रणा.) पातळ टॉपचं तयार टेबल घेऊन पस्तावण्यापेक्षा घरी केलेलं जाड टॉपचं टेबल कधीही सरस.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "घरच्या टेबलाला तयार टेबलाची अचूकता येत नाही असं ऐकलंय." हे वाक्य आमचे मेहुणे मला कित्येक वर्षं ऐकवत आलेत, म्हणून लिहायला बसलो. त्यांनी तयार टेबल घेतलं होतं. पत्र्याचे पाय, अ‍ॅल्युमिनियमचा पातळ टॉप, फेन्सच्या, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायच्या आडव्या पट्टीच्या, दोन्ही टोकांना मोजपट्ट्या. दिसायला देखणं. त्यावर त्यांनी कपाटाच्या दारांच्या चौकटी करायला घेतल्या. पट्ट्या आडव्या ठेवून कडेला खाचा काढल्या, बिटची उंची शेवटपर्यंत हलवली नाही. जोडून बघतात तर प्रत्येक कोपऱ्यात उभी पट्टी आणि आडवी पट्टी यांच्यात नखाला लागेल एवढी पायरी.

आधी बिटला दोष दिला, मग लाकडाला, मग कॉलेटला, म्हणजे बिट पकडणाऱ्या भागाला. मी त्यांची स्टीलची फूटपट्टी धारेवर उभी करून टॉपवर आडवी ठेवली आणि मागून टॉर्च मारला. दोन्ही टोकं टेकलेली, आणि मधे बिटच्या आजूबाजूला उजेडाची फट! राउटर कायम त्या पातळ टॉपला लटकत होता, त्याच्या वजनानं टॉप मधे खचला होता. लांब पट्टी त्या खोलगटावरून पुलासारखी वरच्या वर जायची, आखूड पट्टी त्यात उतरायची. मग खाचेची उंची दोघींत सारखी येणार कशी? तरी मेहुण्यांचं एकच, "अहो, कारखान्यात तपासून येतं ते." फट समोर दिसत असताना!

माझं टेबल असं आहे. १८ मिमीच्या एमडीएफच्या (दाबून केलेल्या लाकूडतंतूंच्या) दोन फळ्या एकमेकींना चिकटवून ३६ मिमीचा टॉप. लॅमिनेट वरून आणि खालूनही. एकाच बाजूला लावलं तर उघडी बाजू दमट हवेत ओल धरते आणि टॉप वाकतो. खाली राउटरच्या दोन्ही अंगांना, जमतील तेवढ्या जवळ, कठीण लाकडाच्या दोन पट्ट्या उभ्या धारेवर. टॉपला खरा जोर त्यांचाच. राउटर ज्याला बसवायचा ती प्लेट निदान ६ मिमी जाड हवी. ती बसवायच्या खाचेत कोपऱ्यांना स्क्रू ठेवले की प्लेट वर-खाली करून टॉपशी एकसमान करता येते. मधे केसभर उंचवटा राहिला तर चालतो, खोलगट अजिबात नको.

आता फेन्स. यावरही आमचं वाजलंय. मेहुण्यांच्या मते फेन्स दोन्ही बाजूंना मोजून टेबलाच्या कडेला समांतर लागलीच पाहिजे. साफ चूक. ते टेबल सॉचं, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीचं, शास्त्र आहे. राउटरचा बिट गोल फिरतो; फेन्सपासून बिटपर्यंतचं अंतर हे एकच माप असतं, फेन्स तिरकी असली तरी. मी एक टोक बोल्टवर आवळून ठेवतो, दुसरं सरकवतो आणि सी-क्लॅम्प लावतो. फेन्स सरळ हवी आणि टॉपशी काटकोनात हवी, ते गुण्या लावून बघा. बाकी मोजपट्ट्या शोभेच्या.

लिफ्टचं म्हणाल तर ती सोय आहे, अचूकता नव्हे. फिक्स्ड बेसचा राउटर (उंची एकदा लावून आवळायचा) खालून हात घालून सेट करता येतो. प्लंज राउटर (स्प्रिंगवर वर-खाली दाबायचा) उलटा टांगला की त्याची स्प्रिंग उलट जोर लावते, तिथे मात्र लिफ्टचा आराम आहे. आधी टॉप नीट करा, लिफ्टचं नंतर बघू.

राउटर घेताना वेग कमी-जास्त करता येणारा आणि १२ मिमीचा शँक, म्हणजे बिटचा दांडा, धरणारा घ्या. ८० मिमीचा बिट २४,००० आरपीएमला फिरवला तर त्याची कडा ताशी ३६० किमीच्या आसपास पळते. असले बिट १०-१२ हजारांवरच चालवायचे, आणि खोल काप एका दमात घ्यायचा नाही. मेहुणे यालाही "वेळ घालवणं" म्हणतात. म्हणोत.

आता माझ्या म्हणण्याच्या मर्यादा. बिडाच्या जाड टॉपच्या तयार टेबलांना माझा आक्षेप नाही, ती सपाट असतात आणि सपाट राहतात. फळ्या सरळ, काटकोनात कापून मिळायची सोय नसेल तरी तयारच घ्या, फक्त घेताना फूटपट्टी सोबत न्या, आणि राउटर लटकवल्यावर पुन्हा लावून बघा. तयार असो वा घरचं, काम संपल्यावर राउटर काढून ठेवा. स्विच पुढच्या बाजूला, न वाकता हाताला लागेल असा, आणि वीज जाऊन आली तर आपोआप सुरू न होणारा हवा. फेन्स आणि बिट यांच्यामधून लाकूड कधीच घालू नका, ते हातातून खेचलं जातं.