दूझेचा एकमेव चित्रपट

प्रश्न : इटलीची थोर नाट्यअभिनेत्री एलिओनोरा दूझे हिने चित्रपटात कधी काम केले होते का?

उत्तर : होय, पण एकदाच. फिरत्या नाटक मंडळीतील घराण्यात १८५८ साली जन्मलेल्या आणि बालपणापासून रंगमंचावर वावरलेल्या दूझेने १९०९ मध्ये रंगभूमी सोडली होती. पुढे १९१६ मध्ये इटालियन लेखिका ग्राझिया देलेद्दा यांच्या कादंबरीवरील ‘चेनेरे’, म्हणजे ‘राख’, या मूकपटात तिने मुलाला सोडून जाणाऱ्या आईची भूमिका केली. त्यात ती अनेकदा पाठमोरी किंवा सावलीत दिसते आणि पांढरे केस लपवत नाही. जिच्या चेहऱ्यावर लंडनच्या प्रयोगात खरीखुरी लाली चढलेली नाटककार आणि नाट्यसमीक्षक बर्नार्ड शॉने टिपली होती, तिला रंगरंगोटीची गरज ती काय! १९२१ मध्ये ती रंगभूमीवर परतली. १९२४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यातच पिट्सबर्ग येथे तिचे निधन झाले.