सोलापुरात अगदी समोर बसून गाणे ऐकायला छोट्या जागा कुठे आहेत?

बदलीनिमित्त पुण्याहून सोलापुरात आल्यावर इथे गाण्याचे क्लब किंवा कॅफे दिसत नाहीत, मग शंभराच्या आत श्रोते असलेली मैफल कुठे ऐकायला मिळेल, असे आपण विचारले आहे. मी गेली बावीस वर्षे नोकरी सांभाळून हौसेने तबल्याची साथ करतो, त्यामुळे हे उत्तर श्रोत्याचे कमी आणि साथीदाराचे जास्त आहे.

काही हॉटेलांत शनिवारी रात्री गायक बसवतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. अशाच एका ठिकाणी मी तीन महिने वाजवले. आमच्या पाठीमागच्या भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर क्रिकेटचा सामना चाललेला असे; गायिका अंतरा संपवून समेवर यायची आणि नेमका त्याच क्षणी गलका उठायचा, तेव्हा ती दाद तिला होती की बाद झालेल्या फलंदाजाला, हे आम्हा दोघांनाही कळत नसे. शेवटच्या महिन्याचे मानधन अजून यायचे आहे. कराओके मंडळेही उदंड झाली आहेत, पण तिथे गाणारा खरा आणि वाद्यवृंद पेनड्राइव्हमधला, म्हणून मी त्यांना या हिशेबात धरत नाही. (आमच्या घरात एक सभासद असल्याने याहून अधिक लिहीत नाही.)

सोलापुरात छोट्या मैफलीला कायमचा पत्ता नसतो, तिथी असते. म्हणून नकाशापेक्षा पंचांग हाताशी ठेवावे. गुरुपौर्णिमेच्या आसपास गावातले बहुतेक संगीतवर्ग आपापला कार्यक्रम करतात; सकाळी प्रवेशिका परीक्षेची मुले मोजून मापून छोटा ख्याल गातात आणि संध्याकाळी, पालक पांगल्यावर, स्वतः गुरुजी बसतात. ऐकायचे ते संध्याकाळचे. श्रोते तीस-चाळीस, सतरंजीवर, आणि तानपुरा इतका जवळ की जवारी (तारांचा झणकार) कुठे लागली आहे ते कानाला कळते. हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा फडकुले सभागृहात हे मिळणार नाही. ती मोठ्या कार्यक्रमांची नाट्यगृहे-सभागृहे आहेत. हिराचंद नेमचंद वाचनालयाचे किर्लोस्कर सभागृह त्यामानाने आटोपशीर आहे. तिथल्या सूचनाफलकावर येता-जाता नजर टाकत राहावी.

दुसरी जागा म्हणजे भजन. या गावात ते एका भाषेत नाही. पूर्व भागातल्या विणकर वस्तीत तेलुगू भजने रंगतात, लिंगायत घरांत कन्नड वचने, म्हणजे शिवभक्त संतांच्या छोट्या रचना, गायली जातात (सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर स्वतः बाराव्या शतकातले वचनकार), आणि पंढरपूर याच जिल्ह्यात असल्याने वारकरी भजनाला तर तोटाच नाही. एकादशीच्या रात्री भजन सुरू होण्याआधी अर्धा तास जाऊन बसावे. पखवाजवाला कणकेचा गोळा भिजवतो, डाव्या तोंडावर थापतो, एक थाप देऊन ऐकतो, थोडी कणीक काढतो, पुन्हा ऐकतो; घुमारा मनासारखा येईपर्यंत पेटीवाल्याचीही घाई चालत नाही.

हवेबद्दलही सांगायला हवे, कारण छोट्या जागेत तिचा परिणाम लगेच ऐकू येतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि कोरड्या उष्ण हवेने पुडी (तबल्याच्या तोंडावरचे कातडे) ताणली जाते, त्यामुळे घरी काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) मिळवलेला तबला कार्यक्रमाच्या जागी पोचेपर्यंत सुरात चढलेला असतो आणि गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) खालून हलके ठोके देत तो उतरवावा लागतो. पावसाळ्यात नेमके उलट. पंख्याखाली बसलेला तबलजी दर चिजेनंतर हातोडी उचलताना दिसला, तर तो नवशिका आहे असे कृपया समजू नये.

लावणी ऐकायची असेल तर पुणे महामार्गावरच्या मोडनिंबला कला केंद्रे आहेत. शाहीर राम जोशी सोलापूरचे, तेव्हा हे या मातीतलेच गाणे आहे. तिथे बैठकीची लावणी आवर्जून सांगावी, म्हणजे तबला-पेटीच्या साथीने, बसून, अदेसह म्हटलेली. नाहीतर ओळखीच्या सिनेगीतांवरच वेळ जातो.

आपल्या गच्चीवर महिन्यातून एक बैठक करता येईल का, असेही आपण विचारले आहे. अवश्य करावी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल आहे. त्यामुळे साडेसहाला सुरू करून नऊला आटोपावे. हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, तिकीट लावले की ती राहत नाही. चाळीस माणसांना माइक मुळीच लागत नाही. गच्चीपेक्षा मात्र हॉल बरा, कारण उघड्यावर आवाज परतून येत नाही आणि गायक नकळत ओरडू लागतो. फरशीवर जाड सतरंजी घालावी, पंखा कलाकारांच्या डोक्यावर नसावा, आणि तबलजीला अर्धा तास आधी बोलवावे.