घर दुपारी पाहावे

धुळे, वैशाख

प्रिय मुली,

तुझे लांबलचक पत्र आणि त्यासोबतची त्रेचाळीस छायाचित्रे मिळाली. "आप्पा, सगळेच छान दिसते, आणि म्हणूनच छान काय ते कळेनासे झाले आहे," असे तू लिहिले आहेस, आणि पुण्यात तीन वर्षे शिकूनही असे व्हावे याची तुला लाज वाटते आहे. मला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही. हा प्रश्न तुझ्या वयात मला पडला असता, तर पुढे केलेल्या कामांतली निम्मी कामे मी केली नसती. शिरपूरच्या काकांनी विश्वासाने आपले घर तुझ्या हाती सोपवले आहे. रस्त्याकडचा भाग नव्याने बांधायचा आहे, मागचे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, दोन खण पाडायचे आहेत, आणि या त्रेचाळीसांतला कोणता नमुना उचलावा असे तू मला विचारतेस. मी एकही निवडून देणार नाही.

त्याऐवजी एक काम सांगतो. दुपारी दोन वाजता त्या घरात जाऊन बस, आणि पाच वाजेपर्यंत तिथून हलू नकोस. काढलेला आराखडा पिशवीतच राहू दे. आपल्याकडे सकाळी आठ वाजता कोणतेही घर चांगले दिसते आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर तर वाईट घरही देखणे होते. छायाचित्रकार नेमके याच दोन वेळा गाठतात. पारा पंचेचाळिसाकडे सरकलेला असताना, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, कूलरमधले पाणी संपत आलेले असताना घरातली माणसे कुठे सरकून बसतात, हे ज्याने पाहिले नाही त्याने खानदेशात घर काढू नये. हे मी तुला आज सांगतो आहे आणि या पत्रात आणखी चार वेळा सांगणार आहे, कारण मला ते फार उशिरा कळले.

तुझ्या छायाचित्रांत अलिबागजवळच्या नांदगावचे ते पाल्मिरा हाउस आहे, वास्तुविशारद बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ साली पूर्ण केलेले. नारळांच्या बागेत समोरासमोर दोन लाकडी इमारती, मध्ये पाण्याची लांब टाकी, आणि सगळ्या बाजूंनी ताडाच्या लाकडाच्या तिरप्या पट्ट्या. हे काम थोर आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण तू त्याच्याशेजारी काकांच्या घराच्या दर्शनी बाजूचे रेखाटन ठेवले आहेस आणि त्यावर त्याच पट्ट्या चढवल्या आहेस. तिथे पट्ट्या आहेत, कारण समुद्राकडून वारा येतो, हवा दमट आहे आणि त्या वाऱ्याला दिवसभर घरातून वाहू देणे हाच तिथे सुखाचा मार्ग आहे. शिरपुरात वैशाखातल्या दुपारी वाहतो तो वारा भट्टीच्या तोंडचा असतो आणि त्याच्यासोबत धूळ येते. दिवसा तो बाहेर ठेवायचा आणि रात्री, आभाळ निवल्यावर, आत घ्यायचा, ही आपली रीत. तुझ्या पट्ट्या हे दोन्ही करू शकत नाहीत. दुपारी दोन वाजता त्या पट्ट्यांमागे कोण बसणार आहे, हा प्रश्न तू स्वतःला विचारला असतास तर ते रेखाटन तूच फाडले असतेस.

आता ज्याच्याकडे तू नीट पाहिलेच नाहीस त्या छायाचित्राकडे वळ. बुर्किना फासो देशातल्या गांदो गावची प्राथमिक शाळा, २००१ सालची. ती बांधणाऱ्या फ्रान्सिस केरे यांना २०२२ साली प्रिट्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळाला. भिंती आहेत गावच्याच मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबून केलेल्या विटांच्या, आणि वर आहे पत्रा, आपल्या शेडवर असतो तसाच पत्रा. पत्र्याखाली मे महिना काढणे म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. केरे यांनी केले ते इतकेच की वर्गावर विटांचे छत घातले आणि पत्रा त्याच्यापासून बराच वर, सळयांच्या हलक्या कैच्यांवर उचलून धरला. या कैच्या गावातल्या गावात सळया कापून, जोडून केल्या. ऊन पत्रा खातो, तापलेली हवा मधल्या मोकळ्या जागेतून निघून जाते, आणि भिंतींच्या बाहेर आलेल्या त्याच पत्र्याची सावली भिंतीवर पडते. गांदो आणि शिरपूर यांच्यात दोन समुद्र असतील, पण दुपार एकच आहे. ज्याला आपली दुपार कळली त्याचे काम आपल्या कामाचे असते, मग तो कुठल्याही देशाचा असो.

अहमदाबादला जाशील तेव्हा बाळकृष्ण दोशींचे संगथ पाहा. १९८० च्या सुमारास त्यांनी ते स्वतःच्या कार्यालयासाठी बांधले. कमानदार छते, त्यांवर चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांचे आवरण, आणि इमारतीचा काही भाग जमिनीच्या खाली गेलेला. पांढरा रंग तिथे शोभेसाठी नाही, तो ऊन परतवतो. जमिनीत उतरणे म्हणजे आपल्या आजोबांचे तळघर. त्याआधी मात्र कोपरगावला जा. तिथल्या शारदा शाळेत समीप पडोरा यांनी २०१८ साली पूर्ण केलेले माया सोमय्या ग्रंथालय आहे. पातळ विटांचे कवच लाटेसारखे जमिनीतून वर येते, खाली मुले वाचतात आणि वर त्याच छतावर चढून खेळतात. विटेला दाब सोसतो, ताण सोसत नाही, हे वर्गात तू पाठ केले होतेस. तिथे ते वाक्य पायांखाली येते. तिथेही सकाळी जाऊ नकोस.

आता माझ्याबद्दल. आमचे घर तापीकाठच्या एका गावात पाच खणांचे होते. सातपुड्यातल्या सागाचे खांब, दगडी उथळ्यांवर उभे. वर तुळया, कड्या, पाट, त्यावर काटक्यांचा थर आणि त्यावर हातभर मातीचे धाबे. दरवर्षी मृगाआधी धाब्यावर खारी माती पसरावी लागे. मी पदविका घेऊन, शहरात चार वर्षे काम करून परतलो आणि ते घर पाडले. सिमेंटचा स्लॅब टाकला, पश्चिमेला मोठी काच बसवली, कारण मी ज्या मासिकांतून शिकलो त्यांत पश्चिमेला काच असे आणि काचेतून मावळतीचा प्रकाश सोफ्यावर पडलेला दिसे. पहिल्या उन्हाळ्यात आई दुपारी त्या दिवाणखान्यात येऊन पाच मिनिटे बसली आणि म्हणाली, "आठे जीव नही लागस रे भाऊ." मग तिने आपली बाज उचलली आणि शेजारच्या चुलत्यांच्या जुन्या ओसरीत नेऊन टाकली. पुढचे अकरा उन्हाळे तिने दुपारी त्या परक्या ओसरीत काढले.

माझी बाजूही ऐकून घे. धाबे गळत होते, हे खोटे नाही. खारी माती पसरणारी माणसे मिळत नव्हती, भावांच्या वाटण्या व्हायच्या होत्या, बँक मातीच्या घरावर कर्ज देत नव्हती, आणि गावात ज्याच्या घरावर स्लॅब नाही त्याच्या घरात मुलगी द्यायला लोक कचरत होते. मी एकट्याने ठरवले असे कोणी म्हणू नये. हे सगळे खरे असूनही एक गोष्ट उरते: पाडण्याआधी मी त्या घरात एकदाही दुपारी बसून विचार केला नाही. लहानपणी तिथे हजार दुपारी झोपलो होतो, पण झोपणे आणि पाहणे यांत अंतर आहे. हातभर मातीतून उष्णता खाली झिरपायला संध्याकाळ होते, आणि तोवर बाहेर निवलेले असते. पाच इंचांचा स्लॅब दुपारीच आतून तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता अंगावर सोडत राहतो. हे गणित मला येत होते. परीक्षेत मी ते सोडवले होते. कड्या आणि खांब एका लाकूड व्यापाऱ्याला विकले, त्यांपैकी दोन खांब नंतर शहरातल्या एका हॉटेलात शोभेला उभे केलेले मी पाहिले. त्यांच्यावर भार नव्हता.

फर्निचरबद्दल तू पानभर लिहिले आहेस, त्याचे उत्तर थोडक्यात देतो, कारण नियम तोच आहे. खुर्ची दुपारी बसून पाहावी. चंदीगडसाठी पिएर जॉनरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी कचेऱ्यांकरिता साग आणि वेत यांच्या खुर्च्या घडवल्या. पुढे त्या अडगळीत पडल्या, भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या, आणि परदेशी व्यापाऱ्यांनी त्या पुसून, विणून लिलावात लाखोंना विकल्या. तुला त्यांचे तिरपे पाय आवडले आहेत आणि तू तसे पाय रेक्झिनच्या सोफ्याला लावणार आहेस. अगं, त्या खुर्चीतली खरी गोष्ट वेत आहे! पाठीतून वारा जातो, घाम धरत नाही, आणि फाटला तर पुन्हा विणता येतो. हान्स वेगनर यांच्या १९४९ च्या विशबोन खुर्चीची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने हाताने विणतात. थोनेट यांची १८५९ ची चौदा नंबरची खुर्ची तर वाफेने वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट इतकीच आहे. एक भाग मोडला तर तेवढाच बदलायचा. आणि यांच्या रांगेत मी आपली बाज ठेवतो. चार पाय, चार दांड्या, सुतळी, खिळा नाही. सैल पडली तर पायथ्याची दोरी ताणायची, दुपारी ओसरीत, रात्री गच्चीवर, पाहुणे आले तर अंगणात. तुझ्या त्रेचाळीस छायाचित्रांत तिला जागा मिळाली नाही याचे मला वाईट वाटले. प्लायला माझा विरोध नाही, माझ्या कारखान्यात तो रोज कापला जातो. पण जो सोफा दुपारी चादर टाकल्याशिवाय वापरता येत नाही, तो मी पुन्हा कोणालाही करून देणार नाही. चाळीस जणांना तरी मी तो करून दिला आहे. गिऱ्हाईक मागत होते म्हणून दिला, आणि कारागिरांचे पगार थांबले नाहीत, हेही त्यासोबत लक्षात घे.

आता काकांचे मागचे दोन खण. फ्रान्सच्या बोर्दो शहरात १९९६ साली आन लाकातों आणि ज्याँ-फिलिप वासाल या वास्तुविशारदांना एक लहान चौक सुशोभित करायला सांगितले होते. ते तिथे जाऊन बसले, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलले, आणि चौक आहे तसाच चांगला आहे असे त्यांनी पालिकेला कळवले. झाडांची निगा राखा, खडी बदला, स्वच्छता वाढवा, एवढेच सुचवले. या दोघांना २०२१ चा प्रिट्झकर मिळाला. काही न करण्यासाठीही आधी तिथे बसावे लागते, मुली. काकांना ते खण का नको आहेत ते तू लिहिले नाहीस. गळतात म्हणून असतील तर गळती थांबवता येते: धाब्यावर उंच पत्रा उचलून घे, गांदोसारखा, म्हणजे मातीवर पाऊसही पडणार नाही आणि ऊनही. कड्या किडल्या असतील तर ठोकून, टोचून पाहा. सागाचा आवाज तुला कळेल. जुने दिसते म्हणून नको असतील, तर काकांशी वाद घालू नकोस. एक साधा तापमापक आण, एक धाब्याखाली आणि एक समोरच्या स्लॅबच्या खोलीत, असे दोन आणलेस तर अधिक चांगले. सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला आकडे लिही, आठ दिवस. तो कागद काकांच्या हातात दे आणि गप्प बस.

हे सगळे मृगाच्या आत व्हायला हवे, कारण एकदा पाऊस पडला की प्रत्येक घर गार होते आणि प्रत्येकाला आपलेच म्हणणे खरे वाटते. तोवर कामगारांना आगाऊ रक्कम देऊ नकोस. दिली असेल तर पुढच्या भागाच्या पायाचे खोदकाम सुरू करून दे, मागे कुदळ लावू देऊ नकोस. काकू दुपारी कुठे बसतात ते मला कळव. त्या मागच्या खणात बसत असतील, असा माझा अंदाज आहे. येत्या सोमवारी मी सकाळच्या बसने शिरपूरला येतो, जेवण तुमच्याकडेच करीन आणि दोनला आपण दोघे मागे बसू. काकूंना सांग, बाज आत असू द्या.

तुझा,
आप्पा