आईच्या नावचं घर आणि चेन्नईची नोटीस

प्रश्न : नमस्कार सर, मी निपाणी भागातला. थोरल्या भावाकडं २० किलोच्या वर गांजा सापडला, १२ वर्षांची शिक्षा लागलीय. आता चेन्नईहून इंग्रजीत नोटीस आलीय की आईच्या नावचं घर जप्त का करू नये. खालचा मजला बाबांनी तंबाखूच्या पैशातनं बांधला, वरचा भावानं चढवला. भावकीत कुणाच्या तरी नावावर करून टाका म्हणतायत लोक, करू का?

उत्तर : दादा, अजिबात नको. नोटिसीनंतर नावावर केलेलं घर सरकारजमा झालं की तो व्यवहारच रद्द धरतात. गांजा सापडलेल्या गाडीचं काय करायचं ते कोर्ट ठरवतं, पण घर-जमीन-बँकेतला पैसा हे १९८९ मध्ये एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात घातलेल्या वेगळ्या प्रकरणाखाली कॉम्पिटंट अथॉरिटीकडं, म्हणजे जप्ती ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडं जातं आणि कर्नाटकासाठी ते ऑफिस चेन्नईत आहे. आईवर गुन्हा नसला तरी नातेवाईक म्हणून ती यात येते, आणि पैसा कष्टाचा होता हे दाखवायचं तिनंच. त्या माऊलीला हे किती जड जात असेल कळतंय मला, पण गप्प बसलात तर घर गेलंच समजा.

३० दिवसांत लेखी उत्तर गेलं पाहिजे. तंबाखू घातल्याच्या वखारीच्या जुन्या पट्ट्या (पावत्या) शोधा, त्यावर तारीख, वजन, दर, बाबांचं नाव असतं, आणि ती तारीख पाया काढायच्या आधीची निघाली तर तुमचं म्हणणं तिथंच उभं राहतं. सोबत सोसायटीचं कर्ज, पासबुक, घरपट्टीच्या पावत्या, कन्नड कागदांचं इंग्रजी भाषांतर करून जोडा. घराचा ड्रग्जच्या पैशाशी संबंध कसा हे कारण नोटिसीत दिसायला हवं असं सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये म्हटलंय, ते वकिलांना बघायला सांगा.

वरच्या मजल्याचं मात्र खरं सांगा. खोटी बिलं जोडू नका, गांजाच्या पैशानं आपल्या भागातल्या कितीतरी पोरांचं वाटोळं झालंय, तो पैसा घरात राहता कामा नये. फक्त काही भागाचाच हिशोब लागला नाही तर तेवढ्याची बाजारभावानं रक्कम दंड म्हणून भरून घर वाचवता येतं.

निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत दिल्लीच्या ट्रिब्युनलकडं अपील. वकिलाची फी झेपत नसेल तर बेळगावच्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात आईला घेऊन जा, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि नोटिसीचा लिफाफा टाकू नका, कधी मिळाली ते त्यावरच्या शिक्क्यावरनं दाखवता येतं.